हॉटस्पॉट बंद पडला? आधी फोनवरचा आयपी पत्ता वाचा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

घरात ब्रॉडबँडची एकच केबल, ती लॅपटॉपला जोडलेली आणि लॅपटॉपच्या हॉटस्पॉटवर मुलांचे फोन, ही व्यवस्था अनेक घरांत आहे. विंडोज १० च्या २०१६ च्या अपडेटपासून हे काम सेटिंग्जमधल्या एका बटणावर होते. ते बिघडले की मात्र सरळ 'विंडोज नव्याने टाका' असा सल्ला मिळतो. पैसे आणि एक दिवस फुकट जातो, आणि दोष मुळात दुसरीकडेच असतो. म्हणून हे पत्र.

फोनला हॉटस्पॉटचे नावच दिसत नसेल तर बँड, म्हणजे वायफायची लहरपट्टी (२.४ की ५ गिगाहर्ट्झ), पाहावा. स्वस्तातले अनेक फोन आणि स्मार्ट बल्ब फक्त २.४ गिगाहर्ट्झ पकडतात. मोबाइल हॉटस्पॉटच्या पानावर 'एडिट' दाबून तो बदलता येतो. लॅपटॉप स्वतः ५ गिगाहर्ट्झच्या वायफायवर असेल तर हा बदल बहुधा लागू होत नाही, कारण बऱ्याच कार्डांना दोन्हीकडे एकच चॅनेल वापरावे लागते. अशा वेळी लॅपटॉपच राउटरच्या २.४ च्या नेटवर्कवर न्यावा. हॉटस्पॉट आपोआप बंद होत असेल तर त्याच पानावरचे 'पॉवर सेव्हिंग' बंद करावे. कोणी जोडलेले नसले की पाच मिनिटांत तो मिटतो. आणि एका वेळी आठच उपकरणे जोडता येतात, नववे नाही.

नाव दिसते, पासवर्डही बरोबर आहे, तरी फोन 'आयपी पत्ता मिळवत आहे' यावरच अडकतो? (आयपी पत्ता म्हणजे नेटवर्कवर प्रत्येक उपकरणाला मिळणारा क्रमांक.) आयफोनवर किंवा दुसऱ्या लॅपटॉपवर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसतो? मग वायरलेस ठीक आहे, पत्ते वाटणारा भाग बंद आहे. विंडोजमध्ये हे काम 'इंटरनेट कनेक्शन शेअरिंग' ही सर्व्हिस, म्हणजे मागे चालणारा प्रोग्रॅम, करते. लॅपटॉप स्वतः १९२.१६८.१३७.१ होतो आणि फोनला १९२.१६८.१३७ च्याच मालिकेतला पत्ता देतो. हॉटस्पॉट बंद करून विंडोजच्या 'सर्व्हिसेस' या यादीत ही सर्व्हिस 'डिसेबल्ड' असेल तर 'मॅन्युअल' करावी, सुरू करावी आणि मग हॉटस्पॉट लावावा. तरीही तेच घडले तर अँटिव्हायरसची फायरवॉल (नेटवर्कवरची ये-जा अडवणारा पहारा) दोन मिनिटे बंद करून पाहावी. तेवढ्यात पत्ता मिळाला तर दोषी तीच. ती कायमची बंद ठेवू नये. हॉटस्पॉटचे नेटवर्क तिच्यात विश्वासू म्हणून नोंदवावे.

पत्ता १९२.१६८.१३७ चा आहे, तरी पाने उघडत नाहीत, तेव्हा 'इंटरनेट कोठून शेअर करायचे' हा पर्याय तपासावा. केबल लावली असताना तिथे वायफाय निवडलेले असणे ही नेहमीची चूक. व्हीपीएन (सगळे नेट दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारी खासगी जोडणी) चालू असेल तर तो बंद करून पाहावा. फोनमध्ये डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता शोधून देणारा सर्व्हर) म्हणून ८.८.८.८ टाकल्यावर पाने उघडली तर अडचण फक्त नावे शोधण्याची होती.

केबलवाल्याने युजरनेम-पासवर्ड देऊन 'डायल' करायला लावलेले कनेक्शन असेल तर गोष्ट वेगळी. लॅपटॉपवर नेट चालत असूनही हॉटस्पॉट 'इथरनेट कनेक्शन नाही' म्हणून अडतो, कारण त्याच्या यादीत असे डायल केलेले कनेक्शन अनेकदा येतच नाही. तिथे झटापट करत बसू नये. साधा राउटर घेऊन तोच युजरनेम-पासवर्ड त्यात टाकावा. हा खर्च मात्र रास्त आहे.

कालपर्यंत चालत होते आणि अपडेटनंतर थांबले, असे असेल तर अपडेटची यादी पाहावी. १४ जून २०२२ च्या अपडेटनंतर (विंडोज १० साठी केबी ५०१४६९९, ११ साठी केबी ५०१४६९७) फोन जोडताच लॅपटॉपचेच नेट जात असे. मायक्रोसॉफ्टने हा दोष मान्य करून पुढच्या अपडेटमध्ये दुरुस्त केला. अशा वेळी ते एक अपडेट काढणे पुरते.

'नेटवर्क रिसेट' अगदी शेवटी. त्यात साठवलेले सर्व वायफाय पासवर्ड आणि व्हीपीएनची मांडणी पुसली जाते. आधी वहीत लिहून ठेवावी.

लॅपटॉपला नेट मोबाइलच्या दैनंदिन डेटा पॅकमधून येत असेल तर आणखी एक काळजी घ्यावी. जोडलेल्या फोनना हे अमर्याद वायफाय वाटते आणि ते ॲप अपडेट व फोटोंचा बॅकअप सुरू करतात. प्रत्येक फोनवर या नेटवर्कला 'मीटर्ड', म्हणजे मोजका डेटा असलेले, करून ठेवावे.

आपला,
एक संगणक तंत्रज्ञ, सांगली