हॉलोग्राम राहू द्या, आधी कपाट उघडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात पान तीनवर आपल्याकडच्या सरकारी संग्रहालयात होऊ घातलेल्या ‘अनुभव केंद्रा’चं जे गुणगान आलं आहे, ते चहा थंड होईपर्यंत वाचलं. हॉलोग्राम, टचस्क्रीन, सेल्फी पॉइंट आणि गच्चीवर कॅफे. पर्यटनाला चालना मिळेल म्हणे. मिळो बापडी. मे महिन्यातल्या रविवारी तारकर्लीच्या रस्त्यावर उभं राहिलं की चालना किती मिळाली आहे ते दिसतंच. माझा प्रश्न साधा आहे. त्या इमारतीत आज ज्या वस्तू कपाटात बंद आहेत, त्या कोणाला अभ्यासासाठी बघायच्या असतील तर त्याने काय करायचं? तुमच्या वार्ताहराने मान्यवरांचं भाषण शब्दशः उतरवलं, तेवढं हे विचारायचं राहून गेलं.

संग्रहालयाचं नाव मी पत्रात घालत नाही. आतल्या माणसांशी माझं भांडण नाही. दोन शिपाई, एक लिपिक आणि तीन ठिकाणचा अतिरिक्त कार्यभार सांभाळणारे साहेब, एवढ्यावर तो गाडा चालतो.

मी निवृत्त चित्रकला शिक्षक. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला पोरं बसवण्यात हयात गेली. सावंतवाडीच्या गंजिफांवर, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांवर, थोडंफार लिहावं असं बरेच दिवस मनात आहे. 2024 मध्ये त्यांना भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा तुम्ही कौतुकाचा अग्रलेख लिहिला होतात. त्यामुळे गंजिफांविषयी याहून जास्त इथे सांगत बसत नाही.

तर त्या संग्रहालयाच्या दालनात काचेच्या पेटीत आठ पानं लावलेली आहेत. लावलेली म्हणजे मखमलीवर डिंकाने चिकटवलेली. खाली पाटी, ‘दशावतारी गंजिफा, 120 पाने’. बाकीची पानं आत, कपाटात, लाकडी डब्यात. ती मला बघायची होती, आणि डबा कोणाकडून, कोणत्या साली आला ते नोंदवहीत बघायचं होतं. ‘सायब रजेर हत गुरुजी, चावी तेंच्याकडेच आसा,’ शिपायाने प्रेमाने सांगितलं. पुढच्या खेपेला साहेब कामावर होते, पण दुसऱ्या जिल्ह्यात. लिपिक मात्र भला माणूस. त्याने नोंदवही काढली, पान शोधलं आणि त्यावरचा अंगठा न उचलता टेबलाच्या पलीकडूनच मला दाखवलं. ‘गंजिफा, गोल, लाखकाम, लाकडी डब्यासह, नग 96.’ देणाऱ्याचं नाव आणि साल त्या अंगठ्याखाली.

ज्याने गंजिफा कधी खेळली असेल तो इथे थबकणारच. दशावतारीत दहा रंग, विष्णूच्या दर अवताराचा एक, आणि प्रत्येक रंगाची 12 पानं: राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत. झाली 120. नवग्रहाची 108. आणि 96 पानं असतात ती आठ रंगांच्या मोगली गंजिफेत, जिला चंगकांचन म्हणतात. म्हणजे पाटी तरी चुकली, नोंद तरी चुकली, नाहीतर डब्यातून दोन अवतार बेपत्ता आहेत. पेटीतली आठ वेगळी धरली तरी हिशेब जुळत नाही. डबा उघडायचा, पानं मोजायची, पाच मिनिटांत निकाल.

‘मोजू या का?’ मी लिपिकाला म्हटलं. ‘मोजणी वार्षिक पडताळणीत होते.’ ‘मागची कधी झाली?’ ‘ते मुख्यालय सांगेल.’ मुख्यालयाला पत्र धाडलं. उत्तर आलं की संशोधकाने मान्यताप्राप्त संस्थेचं शिफारसपत्र जोडावं. मी निवृत्त माणूस. सध्या माझी संस्था म्हणजे माझी बायको, आणि तिने शिफारस दिली असती असं मला वाटत नाही.

मग माहितीचा अधिकार काढला. 2005 च्या त्या कायद्यात नुसती नक्कल मागण्याचा नाही, प्रत्यक्ष कागद बघण्याचा आणि टिपणं घेण्याचाही हक्क आहे. उत्तर मुदतीत आलं, तेवढं श्रेय देतो. ‘सदर नोंदवही जीर्ण झाली असल्याने निरीक्षणासाठी उपलब्ध करून देता येत नाही.’ ही जीर्ण नोंदवही मी पाहिली तेव्हा तिच्यावर चहाचा पेला ठेवलेला होता. अपील करता येतं हे मला कोणी कळवायला नको. केलेलं आहे.

आणि काल तुमच्या पानावर बघतो तर तो डबा उघडा! मान्यवर टेबलाभोवती उभे, पानं पसरलेली, एकाच्या हातात चहा. खाली तुमची ओळ: ‘संग्रहालयातील पुरातन नाणी न्याहाळताना मान्यवर’. महोदय, ती नाणी नव्हेत. आमच्यासारख्यांसाठी दारावर ‘छायाचित्रणास सक्त मनाई’ची पाटी आहे, पण ते असो. मी भिंग घेऊन बसलो. उजव्या कोपऱ्यातल्या पानावर तीन-तीनच्या दोन ओळींत सहा कासवं आहेत. कूर्माची छक्की. मोगली गंजिफेत कासव नसतं. म्हणजे संच दशावतारी आहे, निदान त्यातली काही पानं तरी दशावतारी आहेत. आणि मग वहीतल्या 96 चं काय? पानं हरवली, की दोन संच एका डब्यात कालवले गेले? तुमच्या छायाचित्रकाराने त्या दिवशी आणखी फोटो काढले असतील तर ते मला कार्यालयात येऊन बघू द्यावेत, ही विनंती. सरकारी कपाटापेक्षा तुमच्याकडून ते लवकर होईल अशी आशा आहे.

मला त्यात खरं तर नवव्या रंगाचा राजा बघायचा आहे. मत्स्यापासून कृष्णापर्यंत फारसा वाद नाही. नववा कोण, यावर प्रांताप्रांतांत मतभेद आहेत. कुठे बुद्ध असतो, ओडिशात जगन्नाथ येतो, आणि आपल्याकडे जुन्या पंचांगांवरच्या दशावतारांत त्या जागी विठ्ठल-रखुमाई दिसतात. सावंतवाडीच्या चितार आळीतल्या कारागिराने या डब्यात कोणाला बसवलं आहे? गेल्या शतकात ही कला मरणपंथाला लागली होती. पुंडलिक चितारी या वृद्ध कलावंताच्या हातात ती उरली होती. सावंतवाडीच्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ती त्यांच्याकडून शिकून घेतली, म्हणून आज सावंतवाडीच्या राजवाड्यात पानं रंगवली जातात. त्याच्या आधीचे जे संच कुठे कुठे उरले असतील, त्यांचं मोल म्हणूनच वेगळं. आज कुंचला धरणाऱ्या मुलाने जुना नमुना बघायचा कुठे? हॉलोग्रामवर?

कपाट बंद म्हणजे वस्तू सुरक्षित, असा समज निदान कोकणात तरी कोणी करून घेऊ नये. गंजिफा म्हणजे कापडाचे थर, त्यांना चिंचोक्याची खळ, वर खडूचा लेप, घोटाई, रंग आणि शेवटी लाख. खळ हे कसरीचं जेवण. जुलैत घरातल्या लोखंडी कपाटात ठेवणीतल्या साडीला बुरशी धरते हे इथल्या प्रत्येक बाईला माहीत आहे. तिथे हा डबा डांबरगोळ्यांच्या भरवशावर किती पावसाळे न उघडता राहिला कोण जाणे. अभ्यासाला येणारा माणूस आला की वस्तू बाहेर निघते, चार डोळ्यांखालून जाते, कीड लागली असेल तर कळते. हे जतनाचंच काम आहे, आणि ते फुकट होतं.

माझी एक जुनी विद्यार्थिनी सध्या लंडनला शिकते. तिथल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने 31 मे 2025 रोजी आपलं गोदामच लोकांना उघडून दिलं. अडीच लाखांवर वस्तू, साडेतीन लाख पुस्तकं. संकेतस्थळावर पाचपर्यंत वस्तू निवडायच्या, निदान दोन आठवडे आधी वेळ ठरवायची आणि जायचं. पैसे नाहीत, शिफारसपत्र नाही. तिने त्यांच्याकडच्या भारतीय गंजिफांतली पानं मागवली. टेबलावर मऊ गादीवर मांडून मिळाली. पेन्सिलीने रेखाटनं करत बसली, मला पाठवलीही. बाई तू कोणत्या संस्थेची, असं कोणी विचारलं नाही.

‘तिकडे पैसा आहे हो,’ असं कोणी म्हणेल. मग मुंबईचं राज्य पुराभिलेखागार बघा, 1821 पासूनचं. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ बघा, 1910 चं. तिथे दप्तराचे रुमाल सोडून कागद पुढ्यात ठेवतात, हे मी ऐकीव सांगत नाही. भायखळ्याचं संग्रहालय 1872 मध्ये उघडलं तेव्हा त्याचंही नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्टच होतं. 1975 मध्ये त्याला ज्या डॉ. भाऊ दाजी लाडांचं नाव दिलं, ते आमच्या तेरेखोलच्या पलीकडचे, पेडण्यातल्या मांद्र्याचे. अजिंठ्याच्या लेण्यांतले लेख उतरवून घेऊन वाचणारा हा माणूस पेशाने डॉक्टर. आज ते आपल्या या संग्रहालयात गेले असते तर ‘वैद्यकीय व्यवसायाचा आणि गंजिफांचा संबंध स्पष्ट करावा’ असं पत्र हातात पडलं असतं.

त्याच इमारतीत पुस्तकांचंही एक कपाट आहे. काचेतून रत्नागिरी-सावंतवाडी गॅझेटियरचा 1880 चा दहावा खंड दिसतो. त्यालाही कुलूप. तोच मजकूर शासनाच्याच संकेतस्थळावर कोणीही फुकट वाचू शकतो, तेव्हा हे कुलूप नेमकं कोणापासून राखण करतंय?

मला हवं तरी काय? बऱ्या उजेडाची एक खोली, एक टेबल, आठवड्यातला एक ठरलेला दिवस, आणि कपाटात काय काय आहे त्याची यादी लोकांसमोर. यादी करायलाही परदेशातून कोणी यायला नको. पुण्याच्या सी-डॅकने संग्रहालयांसाठी ‘जतन’ नावाची संगणक प्रणाली केव्हाच करून ठेवली आहे. गच्चीवरच्या कॅफेच्या फरश्यांतून वाचलेल्या पैशात टेबल येईल.

आता थोडं तुमच्याविषयी, वाहत्या गंगेत हात धुऊन घेतो. तुमच्याच दैनिकात पूर्वी एकदा गंजिफांच्या प्रदर्शनाची सचित्र बातमी आली होती. माझ्याकडचं कात्रण वाळवीने खाल्लं, तारीख तेवढी वहीत आहे. तुमच्या इथल्या कार्यालयात गेलो तर जुन्या अंकांच्या फायली ‘मुंबईला गेल्या’ असं कळलं. मुंबईच्या कार्यालयात फोन केला, तर त्या ‘कोकण आवृत्तीकडेच असतील’ म्हणाले. म्हणजे त्या सध्या रेल्वेत असाव्यात. वारसा जपण्याविषयी वरचेवर अग्रलेख लिहिणाऱ्या वृत्तपत्राला स्वतःचाच गेला अंक सापडू नये, हे त्या संग्रहालयाच्या साहेबांच्या कानावर गेलं तर त्यांना फार बरं वाटेल. आणि शब्दकोड्यातले चौकोन हल्ली इतके बारीक छापता की भिंग त्यासाठीही लागतं, हे जाता जाता.

फोटोओळीची दुरुस्ती पहिल्या पानावर छापा असं म्हणत नाही, पण छापा. माझं पत्र लांबलं आहे याची कल्पना आहे. काटछाट करायचीच झाली तर लंडनचा परिच्छेद खुशाल काढा, बायकोचं वाक्य तर अवश्य काढा. नोंदवहीतला 96 चा आकडा आणि सहा कासवं मात्र तशीच राहू द्या, कारण अपिलाच्या सुनावणीला मी तुमचं कात्रण जोडणार आहे.

आपला,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक, वेंगुर्ले