ईशाच्या लॉ कॉलेजचा पहिला आठवडा

पुणे, रविवार

ती. आई-बाबांस,
सा. न.

ईशाला पाच वर्षांच्या लॉला प्रवेश मिळाल्याचं दादानं कळवलं. ती आता तुमच्याकडे राहणार, म्हणून हे पत्र तिच्याआधी तुम्हाला.

बाबा, जुन्या पुस्तकवाल्याकडे बघून ठेवलेलं ते जाडजूड आयपीसी (जुनी भारतीय दंड संहिता) घेऊ नका. 1 जुलै 2024 पासून त्या जागी भारतीय न्याय संहिता आली आहे. खुनाचं कलम 302 आता 103 झालं, फसवणुकीच्या 420 चं 318 झालं, आणि नव्या 302 मध्ये धार्मिक भावना दुखावतील असे शब्द मुद्दाम उच्चारण्याचा गुन्हा आहे. म्हणजे जुना आकडा नुसता चुकत नाही, भलत्याच गुन्ह्याकडे नेतो. त्या तारखेआधी घडलेल्या गुन्ह्यांना जुनाच कायदा लागतो, त्यामुळे कोर्टात अजून दोन्ही आकडे ऐकू येतील. तसंही पहिल्या वर्षी राज्यशास्त्र, समाजशास्त्र, अर्थशास्त्र, इंग्रजी यांचाच भरणा असतो. 'आजोबा, हे लॉ आहे की आर्ट्स?' असं ती आठवडाभरात विचारेलच. तेव्हा सिलॅबस हातात येईपर्यंत एकही पुस्तक नको. नंतरही आधी बेअर अॅक्ट (म्हणजे नुसता मूळ कायदा), मग टेक्स्टबुक. गाइड परीक्षेच्या तोंडावर ती मागेलच, आपण होऊन आणू नका.

काळा कोटही एवढ्यात शिवू नका. बँड (गळ्यातली पांढरी पट्टी) आणि गाउन सनद मिळालेल्या वकिलांचे. मूट कोर्टला, म्हणजे सरावाच्या खोट्या खटल्याला, लागेल तेव्हा साधा काळा ब्लेझर चालतो, आणि सोलापूरच्या उन्हात तो जितका हलका तितका बरा.

आई, कागदांची फाइल तुझ्याकडे ठेव. अॅलॉटमेंट लेटर, सीईटीचं स्कोअरकार्ड, दहावी-बारावीच्या मार्कशीट, टीसी, डोमिसाइल, सगळ्यांचे तीन-तीन झेरॉक्स सेट. कॉलेजनं मूळ कागद ठेवून घेतले तर कागदांची नावं लिहिलेली सही-शिक्क्याची पोच घ्यायची. नुसती फीची पावती म्हणजे पोच नव्हे. रॅगिंगविरोधी हमीपत्र ऑनलाइन भरायचं असतं आणि त्यात पालकाची माहितीही लागते. तिथे दादाचा नंबर आणि मेल द्या. मेल टाइप करताना एक अक्षर चुकलं की नोंदणी क्रमांक येत नाही आणि ऑफिस परत पाठवतं. तक्रारीसाठी 1800-180-5522 हा नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवा.

हजेरीवर मात्र तुम्ही दोघांनी लक्ष ठेवायचं. बार कौन्सिलच्या 2008 च्या नियमांत 70 टक्के हजेरी सांगितली आहे, आणि ती प्रत्येक विषयाला वेगळी. सरासरी 80 भरली आणि एका विषयात 60 राहिली, तर तो विषय अडकू शकतो. 40 तास झाले तर 28 हवेत, हातात उरले 12. आठवड्याला चार तास धरले तर तीन आठवडे. दोन लग्नं, गड्ड्याची जत्रा आणि एक ताप, संपले.

ओरिएंटेशनमध्ये लायब्ररी दाखवतात तो तास चुकवू नये. भाषणं एक वेळ चुकली तरी चालतील. निकालाचा पत्ता वाचायचा कसा, ते तिथेच कळतं. एआयआर 1973 एससी 1461 यात एआयआर हे रिपोर्टरचं, म्हणजे निकाल छापणाऱ्या मालिकेचं नाव, मग वर्ष, मग सुप्रीम कोर्ट, शेवटी पान. हा केशवानंद भारतीचा, राज्यघटनेवरचा गाजलेला निकाल. तोच (1973) 4 एससीसी 225 असा दुसऱ्या मालिकेतही सापडतो; इथे 4 हा खंड. नवी मुलं हे दोन वेगळे खटले समजून दोनदा नोट्स काढतात. दुसरी चूक म्हणजे हेडनोट, म्हणजे निकालाच्या वर छापलेला सारांश, उतरवून काढणं. ती संपादकानं लिहिलेली असते, न्यायाधीशांनी नाही. केशवानंदला 13 न्यायाधीश होते, निकाल 7 विरुद्ध 6 असा लागला. हेडनोटवर विसंबलं तर कोण कुठे वेगळं पडलं ते हाती लागत नाही. तिला सांगा, आधी घटना, मग वादाचा मुद्दा, मग निर्णय, मग कारण, एका पानात. दुसरं पान लागलं तर निकाल अजून समजलेला नाही.

बाबा, तुमच्या माहितीसाठी: 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच (मुंबईबाहेर बसणारं खंडपीठ) कोल्हापूरला बसतं आणि सोलापूर जिल्हा त्यात येतो. पुढेमागे तिला हायकोर्टात इंटर्नशिप करायची झाली तर मुंबईच गाठायला हवी असं नाही.

कॉलेजची पोच मिळाली की त्या पोचेचा फोटो काढून मला पाठवा. शेंगाचटणी दादाबरोबर दिलीत तरी चालेल.

तुमची,
सुमा