चाचणी द्रावण निकामी, त्यात माहितीपत्रकाची सूचना घातक

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय : सोने काढण्याच्या रसायनसंचाबाबत तक्रार

महोदय,

जुन्या सिरॅमिक प्रोसेसरच्या पिनांवरचे सोने काढण्यासाठी आपला संच घेतला. त्यातली स्टॅनस क्लोराइडची (द्रावणात सोने आहे का हे तपासण्याच्या रसायनाची) बाटली निकामी निघाली. तेवढेच असते तर बदली बाटली मागून विषय संपवला असता. पण माहितीपत्रकात छापले आहे की जांभळा रंग न आल्यास द्रावणात सोने नाही, ते टाकून द्यावे. बाटली अशी आणि सूचना अशी, म्हणजे ग्राहक स्वतःच्या हाताने सोने ओतून देणार.

पिनांचा लोह-निकेल-कोबाल्टचा गाभा पातळ, कोमट नायट्रिक आम्लात विरघळवला, उरलेले सोन्याचे पापुद्रे धुऊन सोने विरघळवणाऱ्या आम्लराजात (हायड्रोक्लोरिक ३ भाग, नायट्रिक १ भाग) घातले. गाळलेले द्रावण स्वच्छ पिवळे होते. आपल्या बाटलीतला थेंब टाकल्यावर रंग बदलला नाही. स्टॅनस क्लोराइड १ ग्रॅम, पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल १० मिली या प्रमाणात ताजे द्रावण करून त्याच नमुन्यावर टाकले, तर गाळणकागदावर लगेच गडद जांभळा डाग उमटला. दोष कशात आहे हे यावरून उघड आहे.

स्टॅनस क्लोराइडचे हवेने स्टॅनिक क्लोराइड होते आणि मग सोन्याला रंग देत नाही. म्हणूनच बाटलीत कथलाचा तुकडा ठेवतात. आपल्या बाटलीत तो नाही, उत्पादनाची तारीखही नाही. तळाशी पांढरा गढूळपणा आहे, म्हणजे आम्लही कमी पडले आहे.

दुसरी चूक पुढच्या पायरीत आहे. द्रावणातले सोने खाली बसवणाऱ्या सोडियम मेटाबायसल्फाइटआधी, उरलेले नायट्रिक घालवायला युरिया टाका असे आपण सांगता. युरियाने नायट्रस आम्ल जाते, मोकळे नायट्रिक तसेच राहते. मग खाली बसलेली तपकिरी पूड तांबूस वाफा सोडत पुन्हा विरघळते आणि ग्राहक मेटाबायसल्फाइट टाकतच राहतो. त्याऐवजी गरम द्रावणात सल्फॅमिक आम्ल थोडे थोडे, फसफस थांबेपर्यंत टाकायला हवे, म्हणजे मोकळे नायट्रिक संपते. त्यातून तयार होणाऱ्या सल्फ्युरिक आम्लाने शिसेही सल्फेट होऊन बसते, हा वरचा फायदा. शिवाय नायट्रिक जास्त उरले असेल तर ताज्या स्टॅनस क्लोराइडचाही रंग उमटताच विरतो, हेही पत्रकात नाही.

सोल्डर (कथलाचा डाख) न काढता सर्किट बोर्ड नायट्रिकमध्ये टाकण्याची सूचनाही काढावी. कथलाचा पांढरा चिकट साका गाळणी बंद करतो आणि सोने त्यातच अडकते.

आमच्या मागण्या : कथलाचा तुकडा व तारीख असलेली नवी बाटली द्यावी. सल्फॅमिक आम्ल संचात घालावे. आणि ज्यांनी हा संच आधी घेतला आहे त्या सर्वांना तातडीने कळवावे की रंग न आलेले द्रावण फेकू नये. त्यात तांब्याची पट्टी बुडवून ठेवावी, सोने असेल तर काळी पूड होऊन सुटेल. हे शेवटचे काम सर्वांत आधी व्हावे.

आपला,
एक ग्राहक