समुद्र कधी बंद होतो, हे जाहिरातीत छापा

महोदय,

सुट्टीच्या पुरवणीत कोकण सहलींच्या जाहिराती पुन्हा येऊ लागल्या आहेत. 'बोटीतून मासेमारी, कयाकिंग, डॉल्फिन दर्शन, राहण्या-जेवणासह' अशी एक जाहिरात वाचूनच गेल्या वर्षी आम्ही दोन कुटुंबे तारकर्लीला निघालो. मुलांचे क्लास संपायला मेअखेर उजाडली, म्हणून 28 मेची तारीख घेतली. बुकिंग घेणाऱ्याने चार हजार रुपये आगाऊ घेतले, तारखेबद्दल मात्र अवाक्षर काढले नाही.

रात्रभर प्रवास करून, फोंडा घाट उतरून तारकर्लीशेजारच्या देवबागला पोहोचलो, तर होड्या वाळूत वर ओढून ठेवलेल्या. एक म्हातारे गृहस्थ आपली होडी माडाच्या झावळ्यांनी झाकत होते. आम्ही जास्त पैसे देऊ केले, तेव्हा हातातले काम न थांबवता म्हणाले, "पैसे कोणाक नको? पण आता होडी पाण्यात घालूची नाय." तिथे उभे असताना आम्हाला पहिल्यांदा कळले की 26 मे ते 31 ऑगस्ट या काळात प्रवासी होड्या आणि जलक्रीडा बंद असतात. सिंधुदुर्ग किल्ला मुलांनी किनाऱ्यावरूनच पाहिला. पुढे 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. बिगरयांत्रिक होड्यांना ती लागू नाही, पण त्या पर्यटकांसाठी नसतात, त्या कोळ्यांच्या पोटासाठी असतात. दर्या खवळलेला असतो आणि बऱ्याच माशांच्या पोटात याच दिवसांत गाबोळी, म्हणजे अंडी असतात, म्हणून ही बंदी.

खरी भीती वाटली ती त्यानंतर. तासाभरात एक तरुण जवळ आला, "खाडीच्या आतल्या आत फिरवून आणतो" म्हणाला. त्याच्याकडच्या लहान मुलांच्या लाइफ जॅकेटचे बक्कल तुटलेले होते, तिथे नायलॉनची दोरी बांधली होती. आम्ही नाही म्हटले. आमच्यासमोर दुसरे एक कुटुंब पोराबाळांसह त्या होडीत बसले. कर्ली नदी देवबागला समुद्राला मिळते, तिथले पाणी वरून शांत दिसते. ओहोटी लागली की तेच पाणी होडीला मुखाकडे ओढते. ते सगळे सुखरूप परतेपर्यंत माझी बायको वाळूवरून हलली नाही.

आपल्याला नाशिकमध्ये पाणी कसे ओळखायचे, ते कोणी शिकवावे लागत नाही. गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागले की लहान पोरसुद्धा घाट सोडून वर येते. समुद्राच्याही अशा खुणा आहेत, पण त्या किनाऱ्यावरच्या माणसांना माहीत, आपल्याला नाहीत. आणि आपल्याला माहीत नाहीत याचाच फायदा घेऊन सहली विकल्या जातात, याचा मला मनापासून राग येतो.

कोकणावर माझा राग नाही. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पुन्हा गेलो, त्या म्हाताऱ्या काकांनाच फोन करून. त्यांनी आधी तिथी विचारली. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हा त्यांचा हिशेब. द्वादशी, म्हणजे नवाच्या सुमारास पूर्ण भरती. "भरतीवांगडा वर जावया, सुकतीवांगडा परत येवया," म्हणाले, म्हणजे भरतीबरोबर जायचे, ओहोटीबरोबर परतायचे. साडेसहाला कयाक पाण्यात घातल्या. पाणीच आम्हाला खाडीत वर, कांदळवनाकडे नेत होते. वल्हे नुसते दिशा धरायला लागत होते. त्याआधी त्यांनी दोन्ही मुलांचे जॅकेट खांद्यांना धरून वर ओढून पाहिले. धाकट्याचे कानापर्यंत आले, ते काढून लहान मापाचे घातले. हे त्यांनी न सांगता केले.

दुपारनंतर खारे वारे सुटतात, तेव्हा कयाक नको, म्हणून दुसऱ्या दिवशीही सकाळीच होडीतून गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला नेले. गरीला कोळंबी लावून दोरी सोडली. अर्ध्या तासाने थोरल्याच्या दोरीला वीतभर तांबोशी लागली. काकांनी हात आधी पाण्यात बुडवून ओला केला, मग मासा धरला, गरी अलगद काढली आणि तांबोशी परत सोडून दिली. कोरड्या हाताने धरले तर अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मासा वाचत नाही, हे त्यांनी मुलाला समजावले. मुलगा थोडा हिरमुसला, पण घरी आल्यावर शेजाऱ्यांना त्याने पहिली हीच गोष्ट सांगितली. राज्य सरकारने 2023 मध्ये 54 जातींच्या माशांसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवून दिला आहे. हौसेने गळ टाकणाऱ्या आपल्यासारख्यांनाही तो ठाऊक असायला हवा.

सहली विकणाऱ्यांनी होड्या बंद होण्याची तारीख जाहिरातीत किमतीइतक्याच मोठ्या अक्षरांत द्यावी. बंद काळातले बुकिंग चुकून घेतले गेले तर पूर्ण रक्कम परत द्यावी. आमचे चार हजार अजून मिळालेले नाहीत.

आणि आपल्याकडेही एक मागणे आहे. गंगापूर धरणाचा साठा आपण नेमाने छापता. एप्रिल-मेमध्ये त्याच चौकटीखाली कोकणातली जलक्रीडा आणि मासेमारी कधी बंद होते, कधी सुरू होते, एवढ्या दोन ओळी छापाव्यात, ही विनंती.

आपला,
एक वाचक, इंदिरानगर, नाशिक