प्रवासखर्च आधी द्या, प्रमाणपत्र नंतर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दरवर्षी २८ फेब्रुवारीला पुण्यातल्या संशोधन संस्था दारं उघडतात. पाषाणला रांगा लागतात, नारायणगावजवळच्या खोडदला दुर्बिणी पाहायला शाळांच्या बस जातात आणि दुसऱ्या दिवशी आपल्या पहिल्या पानावर फोटो येतो. आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान केंद्रात शाळकरी मुलांसाठी एरवीही काही ना काही चालू असतं. दुसऱ्या टोकाला, पीएच.डी.ला लागलेल्यांसाठी बार्टी आणि सारथी या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत. (त्यासाठी मुलांना उपोषणाला बसावं लागतं, तो वेगळा विषय.) मधे बी.एस्सी.ची जी तीन वर्षं येतात, तिथे मात्र कोणी नसतं. आदिवासी पाड्यावरची, वस्तीतली, घरात पहिल्यांदाच कॉलेजात आलेली मुलं नेमकी तिथेच विज्ञानातून बाहेर पडतात. पुणे जिल्ह्यातल्या एका कॉलेजात एकतीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवताना मी हे पाहत आले.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातली एक मुलगी तिसऱ्या वर्षाला होती. गावाभोवतीच्या चाळीस हिरड्यांवर कुठल्या महिन्यात कुठले ठिपके पडतात, याची तिने वर्षभर वही ठेवली होती. मी सांगितलं म्हणून नव्हे. हिरडा हे घरचं पीक, पानं का करपतात हे तिला जाणून घ्यायचं होतं. पुण्यातल्या एका विज्ञान परिषदेत तिचं पोस्टर, म्हणजे संशोधन मांडणारा मोठा तक्ता, मंजूर झालं. नोंदणी अडीच हजार. ‘गरजूंना शुल्क व प्रवासखर्च परत मिळेल, मूळ पावत्या जोडाव्यात’ अशी तळटीप होती.

परत मिळेल! आधी भरायचे कुठून, हे त्या तळटीपेत नव्हतं. परिषद जानेवारीत आणि बाळहिरड्याचे पैसे घरात येतात मे महिन्यात. शेवटी आम्ही तिघी-चौघींनी वर्गणी काढली. एसटीने वाकडेवाडीला उतरून ती पोस्टरची गुंडाळी छातीशी धरून आली. (महिलांना अर्धं तिकीट तेव्हा अजून सुरू व्हायचं होतं.) पैसे परत मिळाले पाच महिन्यांनी, तेही एक पावती कमी पडल्याने थोडे कापून. तिच्याच वर्गात तिच्याइतकाच हुशार एक मुलगा होता. त्याचंही काम तयार होतं, पण त्याने घरी पैशांचा विषयच काढला नाही आणि मला कळलं ते सगळं होऊन गेल्यावर. तो आता चाकणला कंपनीत शिफ्ट करतो.

पोस्टरपाशी ती दीड तास नुसती उभी होती. लोक इंग्रजीत एखादा प्रश्न विचारत, ती मान हलवी, लोक पुढे जात. मग एक वयस्कर शास्त्रज्ञ वाकून मराठीत म्हणाले, “ही पानं तू स्वतः गोळा केलीस? पावसात तिकडे जायला वाट असते का?” त्यानंतर पोरगी वीस मिनिटं बोलायची थांबली नाही. दहावीपर्यंत मराठीत शिकून अकरावीला एकदम इंग्रजीत पडलेल्या मुलांना विषय येत नसतो असं नाही, त्यांना त्या भाषेत बोलायची सवय नसते.

त्या गृहस्थांनी आपला नंबर दिला आणि पुढे वर्षभर दर पंधरा दिवसांनी स्वतःहून फोन केला. काय सांगायचे? अनोळखी प्राध्यापकाला मेल कसा लिहायचा, एम.एस्सी.च्या ‘जॅम’ प्रवेशपरीक्षेचा फॉर्म कधी निघतो, विज्ञान अकादम्यांची दोन महिन्यांची उन्हाळी फेलोशिप म्हणजे काय. शहरातल्या प्राध्यापकाच्या मुलाला हे जेवताना कानावर पडून कळतं. मार्गदर्शन म्हणतात ते हेच. आपल्याकडे मात्र मार्गदर्शन म्हणजे शाल, श्रीफळ आणि माइकवरून दीड तास.

जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींची गोष्ट विज्ञान दिनी हमखास सांगितली जाते. मुंबई विद्यापीठात पहिल्या आलेल्या कमलाबाईंना १९३३ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून प्रवेश नाकारला; त्या हटल्या नाहीत आणि एक वर्ष पारखून पाहण्याच्या अटीवर आत गेल्या. पण एक तपशील आपण सांगत नाही. त्यांचे वडील आणि काका त्याच संस्थेत शिकलेले होते. कुठलं दार ठोठवायचं हे त्यांना घरातूनच ठाऊक होतं. आत गेल्यावर श्रीनिवासय्यांसारखे कडक पण पाठीशी उभे राहणारे गुरू मिळाले. ज्यांना दारच ठाऊक नाही, त्यांनी हट्ट तरी कुठे धरायचा?

सरकार काही करत नाही असं नाही. विज्ञानाच्या पदवीसाठी केंद्राची इन्स्पायर शिष्यवृत्ती आहे, तिच्या वर्षाच्या ८०,००० रुपयांत २०,००० उन्हाळी प्रकल्पासाठीच आहेत. पण त्यासाठी बारावीला बोर्डात वरच्या एक टक्क्यात, नाहीतर जेईईसारख्या परीक्षेत खूप वरच्या क्रमांकात यावं लागतं. नव्या चार वर्षांच्या पदवीत संशोधनाचं वर्ष आहे, त्यालाही पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात. माझ्या त्या मुलीला दोन्ही जमलं नसतं. अमेरिकेत लॅटिनो आणि मूलनिवासी वैज्ञानिकांची सॅकनास ही संघटना १९७३ पासून आहे. तिच्या वार्षिक परिषदेत पदवीचे विद्यार्थीही पोस्टर मांडतात आणि आपल्यासारख्याच घरांतून आलेले शास्त्रज्ञ त्यांना तिथे भेटतात. अमेरिकेची नक्कल करा असं म्हणत नाही, पण पुण्यात हे होऊ नये असं काय आहे? एनसीएल, आयसर, आयुका, आघारकर, विद्यापीठ, सगळं एका रिक्षाच्या अंतरात.

मागणी मोठी नाही. पुण्यात परिषद भरवणाऱ्या प्रत्येक संस्थेने ग्रामीण आणि वंचित घरांतल्या पदवीच्या दहा मुलांसाठी जागा ठेवाव्यात, नोंदणी माफ करावी आणि एसटीचे व राहण्याचे पैसे आठ दिवस आधी खात्यावर टाकावेत. ऑडिटचं कारण कृपया सांगू नये. प्रमुख पाहुण्यांचं विमानाचं तिकीट आधीच काढलेलं असतं. पोस्टरच्या वेळेत एक तास मराठीतून बोलायची मुभा असावी. आणि परिषद संपली की प्रत्येक मुलामागे एक माणूस निदान वर्षभर राहावा. निवृत्त प्राध्यापक आणि शास्त्रज्ञ या शहरात पैशाला पासरी आहेत, सकाळी टेकडीवर निम्मे भेटतील. तीन मुलांची जबाबदारी घ्यायला मी तयार आहे.

हिरडावाली मुलगी एम.एस्सी. करून सध्या प्राध्यापकीसाठीच्या नेट परीक्षेची तयारी करते आहे. तिच्यामागून आलेल्या एका विद्यार्थिनीने परवा मला पुढच्या जानेवारीतल्या एका परिषदेचं पत्रक पाठवलं. नोंदणी आता साडेतीन हजार. तळटीप तीच आहे, मूळ पावत्यांसकट.

आपली,
एक निवृत्त प्राध्यापिका,
धायरी, पुणे