ताईच्या गाठीचं नाव

प्रिय बाळ्या,

तुझी दोन पत्रं आली, माझ्याकडून ओळ नाही. रागावला असशील, रागव. पण हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

ताईची डावी किडनी काढली. सीटीत गाठ दिसली, डॉक्टर म्हणाले कॅन्सर आहे, पण बाहेर पसरलेला नाही, काढून टाकू. टाके सुकले, ताई भाकऱ्या थापायला लागली, आणि रिपोर्ट आला : लिओमायोसार्कोमा.

किडनीचा नेहमीचा कॅन्सर आतल्या बारीक नळ्यांच्या अस्तरातून होतो. हा स्नायूतला, अशांना सार्कोमा म्हणतात. किडनीच्या वेष्टनात, शिरेच्या भिंतीत असतात ना स्नायूच्या पेशी, तिथला. मोठ्या माणसांच्या किडनीच्या शंभर कॅन्सरांत असा एकसुद्धा धड निघत नाही. स्कॅनवर दोन्ही सारखेच दिसतात. त्यात नेहमीचा कॅन्सरही कधी कधी रूप पालटून सार्कोमासारखा दिसतो. त्याची औषधं वेगळी, याची केमो वेगळी. नाव चुकलं तर सगळंच चुकलं. मला रात्री झोप नाही ती यापायी.

म्हणून सोमवारी ब्लॉक घेऊन परळला, टाटात गेलो. ब्लॉक म्हणजे काड्यापेटीहून लहान मेणाची वडी, आत गाठीचा नखाएवढा करडा तुकडा. मेण उन्हाने पाघळेल म्हणून रुमालात गुंडाळून एसटीत मांडीवर धरून बसलो होतो. आपली ताई रे ती! तिथे त्याचे पातळ काप काढून तपासतील. डेस्मिन म्हणजे स्नायूच्या पेशींतलं प्रथिन, पॅक्स-८ किडनीच्या नळ्यांच्या पेशींतलं; डेस्मिन उमटलं आणि पॅक्स-८ नाही उमटलं, तर सार्कोमाकडेच बोट जातं. हा रक्तातून फुप्फुसात जातो म्हणतात. छातीचा सीटी तूर्त स्वच्छ आहे, गाठीच्या कडाही. तेवढाच धीर.

ताई म्हणते, "मी चारचौघींसारखी नाही, हे आईला कधीच पटलं नाही. आता दाखव तिला रिपोर्ट." सायकलवरून आपण महिनाभर अबोला धरला होता, तेव्हा हिनेच एका ताटात वाढलं होतं. ब्रेक तूच तोडला होतास, हे मी अजूनही म्हणतो.

माझं बीपी गोळीवर ठीक. वहिनींचा गुडघा कसा आहे? बदलीचं काय झालं?

रिपोर्ट गुरुवारी मिळेल. बुधवारी रात्रीच ये. मला तो लिफाफा एकट्याने उघडवणार नाही.

तुझा,
पद्या