सुंगटांवर फोडलेले खापर

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतील ‘रेड लॉबस्टर’ या मासळीच्या हॉटेलांच्या साखळीने मे २०२४ मध्ये न्यायालयात दिवाळखोरीचा अर्ज केला. तिचा विषय निघाला की आपल्याकडे ‘गिऱ्हाइकांनी सुंगटे (कोळंबी) खाऊन हॉटेल बुडवले’ एवढे बोलून लोक हसतात आणि विषय संपतो. मडगाव परिसरातील काही खानावळींचे जमाखर्च मी पाहतो, त्यामुळे या दिवाळखोरीतील आकड्यांकडे गोव्यातील हॉटेलमालकांचे लक्ष वेधावेसे वाटते.

सुंगटांचा दोष नाही असे नव्हे. २० डॉलरमध्ये हवी तितकी सुंगटे ही योजना पूर्वी ठरावीक काळापुरती असे. जून २०२३ मध्ये ती कायमची झाली आणि त्यानंतरच्या एका तिमाहीत कंपनीला सुमारे १ कोटी १० लाख डॉलरचा तोटा झाला. त्या वेळी कंपनीची सूत्रे ‘थाई युनियन’ या सुंगटे विकणाऱ्या थायलंडमधील बड्या उद्योगाच्या हाती होती. पीठ लावून तळायच्या सुंगटांचे दोन पुरवठादार दूर करून ते काम एकट्या थाई युनियनकडे गेले व त्यामुळे खर्च वाढला, असे न्यायालयात सादर झालेल्या निवेदनात म्हटले आहे. मालकच पुरवठादार झाला की भावात घासाघीस कोण करणार? याच साखळीने २००३ मध्ये खेकड्यांच्या बाबतीतही असाच ‘हवे तितके खा’ प्रयोग करून हात पोळून घेतले होते, हेही विसरले गेले असावे.

परंतु जागेच्या भाड्याचा आकडा याहून कितीतरी मोठा आहे. २०१४ मध्ये ‘गोल्डन गेट कॅपिटल’ या गुंतवणूक संस्थेने ही साखळी २१० कोटी डॉलरना घेतली आणि सुमारे ५०० हॉटेलांची जागा लगेच दुसऱ्या कंपनीला १५० कोटी डॉलरना विकली. म्हणजे खरेदीच्या रकमेचा मोठा भाग साखळीच्याच जमिनीतून उभा राहिला, आणि जी हॉटेले स्वतःच्या जागेत चालत होती ती एका व्यवहारात भाडेकरू झाली. २०२३ मध्ये कंपनीने भाडेपट्ट्यांपोटी सुमारे १९ कोटी डॉलर मोजले आणि त्यांपैकी ६ कोटी ४० लाखांहून अधिक रक्कम धंदा मंद असलेल्या शाखांची होती. २०१९ च्या तुलनेत गिऱ्हाईक जवळपास ३० टक्क्यांनी घटले होते. भाडे मात्र घटले नाही. अर्ज केला तेव्हा कर्ज १०० कोटी डॉलरच्या वर आणि हाती रोकड ३ कोटींहून कमी होती.

आता आपल्याकडे पाहू. गोव्यातील जुनी खानावळ बहुधा मालकाच्या राहत्या घराच्या पुढच्या भागात असते. मालक पहाटे बाजारात जातो, बोटींना जे मिळाले असेल ते घेतो; इसवण (सुरमई) महागला तर थाळीतली तुकडी पातळ होते किंवा तिच्या जागी बांगडा येतो, आणि गिऱ्हाईक कुरकुर करीत का होईना, हुमण, किसमूर, तिसऱ्यो व सोलकढीसह जेवून उठते. छापील मेनू आणि वर्षभर एकच दर ठेवणाऱ्या साखळीला ही लवचिकता परवडत नाही. सुंगटांचे डोके आणि साल काढल्यावर किलोतले जेमतेम अर्धे वजन हाती लागते, हा साधा हिशेबही ‘अनलिमिटेड’चा फलक लावताना अनेकांच्या ध्यानात राहत नाही.

खरी गफलत पुढे होते. घरातल्या जागेला भाडे नाही, स्वयंपाकघरात राबणाऱ्या बायकोला व वहिनीला पगार नाही, म्हणून या दोन्ही रकमा वहीत कधी लिहिल्याच जात नाहीत आणि थाळीत भरपूर सुटते असे भासते. त्याच भरवशावर पणजीला किंवा कळंगुटला भाड्याच्या गाळ्यात दुसरी शाखा निघते. १ जून ते ३१ जुलै ही मासेमारीबंदी दरवर्षी येते, त्या काळात ताजी मासळी दुर्मीळ होते, पर्यटकही ओसरतात. गाळेवाला मात्र बाराही महिन्यांचे भाडे घेतो. अशा शाखा बंद पडल्या की दोष स्वयंपाक्याला किंवा मासळीच्या भावाला दिला जातो. त्यातून सावरण्यासाठी वडिलोपार्जित घर विकून तेच भाड्याने घ्यावे, असा सल्ला देणारेही मला भेटले आहेत, आणि अमेरिकेतल्या त्या साखळीच्या बाबतीत नेमके हेच केले गेले होते.

दुसरी शाखा काढू पाहणाऱ्यांना माझी विनंती एवढीच, की गाळ्याच्या करारावर सही करण्यापूर्वी जुन्या खानावळीच्या वहीत बाजारभावाने जागेचे भाडे आणि घरच्या माणसांचा पगार वर्षभर खर्ची टाकून पाहावा. कर्ज देणाऱ्या बँकांनी आणि पतसंस्थांनीही हाच ताळेबंद मागून घ्यावा.

आपला,
एक वाचक, मडगाव